तिथी ठाऊक नसलेली माणसे

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेले भाषण)



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिला आहे : ‘कोरियातील ताटातूट झालेली कुटुंबे’. गणपतीच्या मांडवात कोरिया कशाला आणला, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते रास्तच आहे. म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

पहिले कारण सीमेचे. बेळगावात राहणाऱ्याला सीमा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपण तो लहानपणापासून ऐकत आलो, त्यावर बोलत आलो, त्यासाठी कित्येकांनी तुरुंगवासही भोगला. तरीही आपली सीमा कशी आहे ते पाहा. सकाळी एस.टी.त बसले की जेवणाच्या आत चंदगडला पोचता येते. मुलगी तिकडे दिलेली, सून तिकडून आणलेली. भाऊबीजेला निघालेल्या भावाला वाटेत कोणी परवाना विचारत नाही. सीमेमुळे आपले पुष्कळ अडते. पण आई वारल्याचे लेकीला कळलेच नाही, असे काही होत नाही. कोरियात ते झाले, आणि एकदोन घरांत नव्हे, लाखो घरांत झाले.

दुसरे कारण पंचांगातले. कोरियातला सर्वांत मोठा सण म्हणजे चुसक. त्यांच्या चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याची ही पौर्णिमा. बहुतेक वर्षी ती आपल्या भाद्रपदातच पडते. अधिक महिना मागेपुढे झाला तर कोजागरीवर जाते. म्हणजे आपण अनंत चतुर्दशीला बाप्पांना निरोप देतो, त्याच सुमारास तिकडे माणसे शहरांतून आपापल्या मूळ गावी निघालेली असतात. नव्या तांदळाच्या पिठीची पारी करून तिच्यात तीळ किंवा कडधान्याचे सारण भरतात, अर्धचंद्रासारखा आकार देतात आणि देवदाराच्या जातीच्या झाडाच्या सुया खाली अंथरून वाफवतात. आपल्या उकडीच्या मोदकाची ती चुलत बहीणच म्हणायची. ते पदार्थ आधी पूर्वजांपुढे मांडायचे, त्यांच्या थडग्यांवरचे गवत कापून जागा स्वच्छ करायची, सगळ्या घराने मिळून नमस्कार करायचा, आणि मग जेवायला बसायचे. आपला पितृपंधरवडा त्याच पौर्णिमेपाशी सुरू होतो.

आता विचार करा. ज्या समाजात पितरांचे एवढे महत्त्व, त्या समाजातल्या माणसाला जर आपले आईवडील जिवंत आहेत की गेले हेच ठाऊक नसेल, तर त्याने सणाच्या दिवशी कोणापुढे काय मांडावे? आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवती आहे.

थोडा इतिहास सांगायला हवा. कोरिया हा एका भाषेचा, एका लिपीचा देश. १९१० पासून तो जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येणार हे दिसू लागले, तेव्हा उत्तरेकडून रशियाचे सैन्य खाली येत होते. अमेरिकेच्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी एका रात्री नकाशा पुढे घेऊन ३८ व्या अक्षांशावर रेघ सुचवली : वरच्या भागात जपानी सैन्याने रशियाला शरण जावे, खालच्या भागात अमेरिकेला. कोरियन माणसाला कोणी विचारले नाही. रेघ तात्पुरती होती. १९४८ मध्ये तिच्या दोन्ही बाजूंना दोन सरकारे झाली आणि २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या फौजा दक्षिणेत घुसल्या.

त्यानंतरचे वर्ष भयंकर होते. नऊ महिन्यांत सोल हे राजधानीचे शहर चार वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. प्रत्येक वेळी माणसे पळाली. तरुण मुलांना एक बाजू सक्तीने सैन्यात नेई, ते चुकवायला बापाने मुलाला दुसऱ्या बाजूला पाठवावे. थंडीच्या दिवसांत गोठलेल्या नद्या ओलांडताना, आगगाडीच्या टपावर चढताना, लेकरांचा हात सुटे. म्हातारे आणि तान्ही मुले मागे ठेवून धडधाकट माणसे निघाली, कारण सगळ्यांना वाटत होते की चार दिवसांचा प्रश्न आहे, लढाई सरकली की परत येऊ.

डिसेंबर १९५० मध्ये ईशान्य किनाऱ्यावरच्या हुंगनाम बंदरातून सुमारे एक लाख नागरिकांना जहाजांनी दक्षिणेत आणले. त्यांतल्या ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या एका मालवाहू जहाजात सुमारे चौदा हजार माणसे उभी होती. दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांचे आईवडील त्या निर्वासितांत होते. काही आठवड्यांत घरी परतू या समजुतीने निघालेल्या त्या बाईंची आपल्या धाकट्या बहिणीशी भेट झाली ती २००४ मध्ये, म्हणजे चोपन्न वर्षांनी. तेव्हा मून हे राष्ट्राध्यक्ष नव्हते; आईला सोबत म्हणून गेले होते.

२७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. तह मात्र आजपर्यंत झालेला नाही. ज्या ठिकाणी फौजा उभ्या होत्या तिथून दोन्ही बाजूंनी दोन दोन किलोमीटर मागे सरायचे ठरले आणि देशाच्या कमरेवर चार किलोमीटर रुंद, अडीचशे किलोमीटर लांब पट्टा तयार झाला. ही नवी रेघ जुन्या रेघेवर तंतोतंत बसली नाही. युद्धापूर्वी केसाँग हे शहर दक्षिणेत होते, ते उत्तरेत गेले. सोकचो हे मासेमारीचे गाव उत्तरेत होते, ते दक्षिणेत आले. घर न हलता देश बदलला. हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको.

इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यावेच लागेल. युद्धविरामाच्या वेळी मोठा पेच होता युद्धकैद्यांचा. दोन्ही बाजूंचे मिळून बावीस हजारांवर कैदी आपल्या बाजूला परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचे आणि प्रत्येकाचा खरा विचार कळू द्यायचा, हे काम भारताकडे आले. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय सैन्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांनी आपल्या भूमीवर भारतीय जवानांना पाऊल ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून त्यांना त्या निर्मनुष्य पट्ट्यात नेऊन सोडावे लागले. तिथे तारेच्या कुंपणात तंबूंची वसाहत उभी राहिली. कैद्यांच्या छावण्यांत त्यांच्यातलेच पुढारी दहशत घालत होते. मोकळेपणी ‘मला घरी जायचे आहे’ म्हणणे हेसुद्धा जिवावरचे होते. एखाद्या उत्तर कोरियन कैद्याने ‘परत जाणार नाही’ म्हटले की त्याच क्षणी आईवडील, बायकामुले तुटली. अखेर अठ्ठ्याऐंशी कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि १९५४ मध्ये आपल्या सैन्याबरोबर ते मद्रासला उतरले. पुढे त्यांतले काही ब्राझील-अर्जेंटिनाला गेले. ताटातुटीच्या या इतिहासाचे एक पान असे आपल्या देशातूनही गेलेले आहे.

युद्ध थांबल्यावर तीस वर्षे या माणसांचे काय झाले? काही नाही. टपाल नाही, फोन नाही. उलट, नातेवाईक पलीकडे आहे हे सांगणेच धोक्याचे. उत्तरेत ज्याचा भाऊ दक्षिणेला पळाला त्या घरावर कायमचा शिक्का बसे. चांगले शिक्षण, चांगली नोकरी बंद. दक्षिणेतही ज्याचा भाऊ उत्तरेला गेला त्याच्यावर पोलिसांची नजर असे. दोन्हीकडे माणसे आपल्याच भावाचे नाव घ्यायला घाबरत होती.

एवढेच नव्हे, दक्षिणेतल्या दक्षिणेतही माणसे एकमेकांना हरवून बसली होती. ३० जून १९८३ रोजी केबीएस या तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने युद्धस्मृतीनिमित्त अशा कुटुंबांसाठी एक कार्यक्रम ठेवला. तो होता जेमतेम दीड तासाचा. फोन इतके आले की कार्यक्रम थांबवता येईना. तो १४ नोव्हेंबरपर्यंत, १३८ दिवस चालला. थेट प्रक्षेपणाचे तास झाले ४५३. एक लाखाहून अधिक अर्ज आले, आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबांची गाठ पडली.

आपल्याला प्रश्न पडेल, एकाच देशात राहून तीस वर्षे सापडली कशी नाहीत? किम, ली आणि पार्क या तीन आडनावांतच तिथली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे येतात, तेव्हा नावावरून शोधायचे कसे? कित्येकांना तर स्वतःचे नावही नीट ठाऊक नव्हते. चार-पाच वर्षांचे पोर अनाथाश्रमात आले, तिथे जे नाव ठेवले ते लागले. म्हणून माणसे पाट्या घेऊन आली. गाव कोणते, घरासमोर काय होते, बाबा काय काम करत, कोणत्या स्टेशनवर हात सुटला, कपाळावर कसला व्रण आहे. केबीएसच्या इमारतीच्या भिंती आणि समोरचा चौक त्या कागदांनी भरून गेला. दोन शहरांतल्या स्टुडिओंत दोन माणसे उभी करत आणि ती पडद्यावर एकमेकांना विचारत : आपल्या घरी आजी होती का? तिचा पाय अधू होता का? आणि एका उत्तराला दोघेही बोलायचे थांबत. त्या सर्व चित्रफिती आणि कागद आज युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदींत आहेत. २०१५ मध्ये त्यांचा समावेश झाला.

पण ही झाली एका बाजूची माणसे. सीमेपलीकडची भेट सरकारांच्या हातात होती. दोन्हीकडच्या रेडक्रॉसची बोलणी १९७१-७२ पासून सुरू होती. १९८५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा मोजकी माणसे इकडून तिकडे गेली आणि पुन्हा पंधरा वर्षे काही नाही. जून २००० मध्ये दोन्ही देशांचे नेते प्याँगयांगला भेटले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला, जो दोन्ही कोरियांचा जपानपासून मुक्तीचा दिवस आहे, दोन्हीकडच्या शंभर शंभर जणांना नातेवाइकांना भेटता आले. तेव्हापासून ऑगस्ट २०१८ पर्यंत अशा एकवीस फेऱ्या झाल्या. पडद्यावरून भेट घालून देण्याचेही सात वेळा झाले. पण दोन्ही बाजू धरून या सर्वांतून एकमेकांना पाहू शकलेली माणसे चोवीस हजारांच्या आसपासच भरतात.

शेवटची फेरी कशी झाली ते थोडे सविस्तर सांगतो. दक्षिणेत तेव्हा नोंदलेल्यांपैकी सुमारे ५७ हजार माणसे जिवंत होती. जागा शंभर. म्हणून संगणकावर सोडत काढली. नव्वदीच्या पुढच्यांना त्यात झुकते माप होते. आईला भेटण्यासाठी सोडत! निवड झालेली मंडळी आदल्या दिवशी सोकचोला जमली. डॉक्टरांनी तपासले, तिकडे काय बोलावे आणि काय बोलू नये याच्या सूचना दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी बसगाड्या सीमा ओलांडून कुमगांग डोंगराच्या पायथ्याशी गेल्या.

बरोबर सामान काय? जाड कोट, औषधे, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, मोजे, साबण. साठ-सत्तर वर्षांचे देणे एका पेटीत कसे मावणार! सभागृहात क्रमांक लावलेली टेबले. दोन तास सर्वांसमवेत, दोन तास खोलीत स्वतंत्र, मग जेवण, असे तुकडे करून तीन दिवसांत मिळून अकरा-बारा तास. नव्वदी ओलांडलेल्या एका आईपुढे सत्तरी ओलांडलेला मुलगा येऊन बसला. तिने त्याला सोडले तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिच्या मनात तो चार वर्षांचाच राहिला होता. अशा वेळी माणसे जुने फोटो काढतात. बोटाने दाखवतात : हा मी, ही आई. फोटोतल्या चेहऱ्यावरून समोरचा चेहरा ओळखायचा.

तिसऱ्या दिवशी निरोप. बसच्या काचेला आतून एक तळहात, बाहेरून दुसरा. एकदा भेटलेल्यांना पुन्हा संधी नाही, आणि भेटीनंतर पत्र नाही की फोन नाही. त्यामुळे तो निरोप कायमचा, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. २०१४ च्या फेरीत दोन वृद्ध रुग्णवाहिकेतून गेले होते. आडवे राहूनच त्यांनी आपल्या माणसांना पाहिले.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या प्रश्नाकडे येतो. या भेटींत माणसे काय विचारतात? राजकारणाचे कोणी बोलत नाही. एकीकरण कधी होणार, हेही कोणी विचारत नाही. पुन्हा पुन्हा विचारला जाणारा प्रश्न असा : आई कधी गेली? कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी? तिला कुठे ठेवले? कारण तिकडेही श्राद्ध मृत्यूच्या तिथीलाच करतात. तारीख ठाऊक नसलेली माणसे वर्षानुवर्षे अंदाजाने एखादा दिवस धरून विधी करत आली. कोणी आईचा वाढदिवस धरला, कोणी ताटातुटीचा दिवस. आणि असेही झाले आहे की ज्याच्या नावाने इकडे कित्येक वर्षे श्राद्ध चालू होते, तो भाऊ तिकडे हयात निघाला. एका टेबलावर तिथी मिळाल्याने माणूस रडतो, शेजारच्या टेबलावर तिथी चुकल्याने.

आपल्या शास्त्राने अशांची सोय केली आहे. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे सर्वपित्रीला करा, असे आपल्याकडे सांगतात. कोरियनांनी आपली सोय आपणच केली. सीमेजवळ इमजिनगाक नावाची जागा आहे. तिथे १९८५ पासून एक वेदी उभी आहे. ज्यांना मूळ गावच्या थडग्यांपर्यंत जाता येत नाही अशी उत्तरेकडची माणसे चुसकला आणि नववर्षाला तिथे येतात, फळे आणि तांदळाचे पदार्थ मांडतात आणि उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करतात. समोर तारेचे कुंपण असते. सोकचोमध्येही अशा निर्वासितांची वस्ती आहे, तिला ‘आबाई’ गाव म्हणतात. आबाई म्हणजे त्यांच्या बोलीत आजोबा. गाव जवळच आहे, मग दूर कशाला जायचे, म्हणून ते सीमेपासून जवळ राहिले. पहिल्यांदा कच्च्या झोपड्याच बांधल्या, कारण परत जायचेच होते. त्या माणसांची नातवंडे आज तिथे आजोबांच्या गावचे पदार्थ विकतात.

२०१८ नंतर एकही भेट झालेली नाही. त्या वर्षी सप्टेंबरात कायमस्वरूपी भेटकेंद्र चालवण्याचे दोन्ही नेत्यांनी लिहून दिले होते. पुढच्या फेब्रुवारीत हनोईला अमेरिका आणि उत्तर कोरिया यांची बोलणी फिसकटली, आणि त्या लेखी वचनाचेही काही राहिले नाही. २०२३ च्या अखेरीस उत्तरेने एकीकरणाचे उद्दिष्टच सोडल्याचे जाहीर केले. कुमगांगला दक्षिणेच्या पैशातून बांधलेली भेटीची बारा मजली इमारत होती. उत्तरेने ती पाडायला घेतली आहे, असे फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिणेच्या सरकारने सांगितले.

दक्षिणेत १९८८ पासून आजवर १ लाख ३४ हजारांवर माणसांनी नावे नोंदवली. त्यांतली आज चाळीस हजारांहून कमी हयात आहेत आणि बहुतेक ऐंशीच्या पुढची आहेत. तिथल्या सरकारने त्यांच्या निरोपांच्या चित्रफिती करून ठेवल्या आहेत, रक्ताचे, लाळेचे नमुने जपले आहेत, म्हणजे पुढे कधी वाट मोकळी झाली तर निदान नातवंडांना नाते जुळवता येईल. चुसकच्या दोन दिवस आधीचा दिवस या कुटुंबांच्या नावे ठेवला आहे. हे सगळे चांगलेच. पण ज्या माणसाला आईची तिथी हवी होती, तो गेल्यावर ती कोणाला द्यायची?

मला या सगळ्यांतून एक गोष्ट जाणवते. मोठ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत छोट्या प्रश्नाला ताटकळत ठेवणे हा अन्याय आहे. देश एक व्हावा की दोन राहावेत, यावर शंभर वर्षे वाद घाला. पण ‘माझा भाऊ जिवंत आहे का’ याचे उत्तर एका कार्डावर मावते. ते कार्ड जाऊ द्यायला कोणत्याही सरकारचे काही बिघडत नाही. भेट ही सरकारने द्यायची बक्षिसी नव्हे. आपल्या सीमाप्रश्नावर आपण जे काही म्हणतो ते म्हणत राहू. पण दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांच्या लग्नकार्याला आणि दहाव्या-बाराव्याला जाऊ शकतात, ही आपली शिल्लक आहे, ती कोणत्याही रागाच्या भरात खर्च होऊ देऊ नये.

आणि एक अगदी घरगुती बोलणे. आपल्यापुढे तारेचे कुंपण नाही, तरी आपल्याही घरांत तिथ्या हरवत चालल्या आहेत. आजोबांचे मूळ गाव कोणते, पणजीचे माहेर कुठले, पुण्याला गेलेल्या चुलत्यांची मुले कुठे असतात, हे घरात एखाद्या म्हाताऱ्या आत्याला ठाऊक असते, आणि ती गेली की संपले. कोरियातल्या माणसांना जे विचारायला साठ वर्षे आणि सोडतीत नाव लागावे लागले, ते आपल्याला आज रात्री घरी जाऊन विचारता येते. भाद्रपदी पौर्णिमा चार दिवसांवर आली आहे. यंदाच्या पितृपंधरवड्यापूर्वी प्रत्येक घराने दोन पाने लिहावीत : नावे, गावे, तिथ्या, आणि ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांचे पत्ते. मंडळाने ती पाने गोळा करून जपावीत, अशी माझी पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. आणि त्या शेवटच्या यादीतल्या एखाद्याला फोन करावासा वाटला, तर तो या आठवड्यातच करावा.



गणपती बाप्पा मोरया!